माझ्या मुलीला इथे असायचं नव्हतं

हे लिहायच्या आधी मी मेहरला विचारलं. मेहर माझी मुलगी, आता तेरा वर्षांची. ती म्हणाली, "लिही, पण माझं खरं नाव नको." मेहर हे नाव तिनेच निवडलंय. लिहून झाल्यावर मी तिला सगळं वाचून दाखवलं, कारण तिला मराठी समजतं, पण वाचायला वेळ लागतो. दोन ठिकाणी ती म्हणाली, "अम्मी, नॉट धिस." ते मी काढून टाकलं. बाकीचं तिच्या परवानगीने.

आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. घरात कोकणी बोलतो. माझं शिक्षण गावच्या मराठी शाळेत झालं, म्हणून लिहिते ते मराठीत. राहतो दुबईजवळ, अजमानला. माझे मिस्टर इम्तियाज पार दुबईपलीकडच्या जेबेल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहेत. इथल्या आपल्या बायकांच्या ग्रुपवर कुणाच्या मुलाला टायफॉइड झाला, कुणाचं अपेंडिक्स काढलं, सगळं लगेच कळतं. हा आजार मात्र कुणी लिहीत नाही. मेहर आजारी पडली तेव्हा मला वाटायचं, अख्ख्या गल्फमध्ये अशी एकच मुलगी आहे आणि ती नेमकी माझ्या घरात आहे. तसं नसतं, एवढं एखाद्या आईला कळलं तरी पुष्कळ.

माय आणि अम्मी

मेहरचा जन्म रत्नागिरीचा. ती नुकती चालायला लागली होती तेव्हा मी इम्तियाजकडे इकडे आले. त्या वेळी आम्ही दुसऱ्या कुटुंबाबरोबर फ्लॅट शेअर करायचो, आमच्या वाट्याला एकच खोली. मला एका नर्सरीत मुलं सांभाळायचं काम मिळालं. मेहरला थोडे दिवस म्हणून माझ्या मोठ्या बहिणीकडे, हसीना आपाकडे ठेवलं. आपा लवकर विधवा झाली, तिला मूलबाळ नाही. थोडे दिवस म्हणता म्हणता मेहर आठ वर्षांची झाली.

दर सुट्टीत मी गावी जायचे. मेहर आपाला ‘माय’ म्हणायची आणि मला ‘अम्मी’. दोन्हीचा अर्थ एकच, पण रात्री ती कुणाच्या कुशीत शिरायची ते मला दिसत होतं. दिवसभर इथे मी दुसऱ्यांच्या मुलांना भरवत होते, त्यांची नाकं पुसत होते, आणि माझ्या मुलीला भेंडी आवडते की नाही हे मला आपाला फोन करून विचारावं लागायचं.

मग आम्हाला स्वतंत्र फ्लॅट परवडायला लागला आणि आम्ही तिला आणलं. ती विमानात एकदाही रडली नाही. सगळे म्हणाले, किती शहाणी मुलगी आहे.

घरातलं इंग्लिश

शाळेत तिला एक यत्ता खाली बसवलं, कारण तिला इंग्लिश येत नव्हतं. पण दोन वर्षांत ती असं फाडफाड बोलायला लागली की आम्ही बघत राहायचो. हळूहळू ती आमच्याशीही इंग्लिशमध्येच बोलायला लागली. मी कोकणीत विचारायचे, "जेवलीस का?" ती म्हणायची, "नॉट हंग्री." इम्तियाज गावी व्हिडिओ कॉल लावून तिच्या चुलत्यांना दाखवायचे, "बघा, आमची मेमसाब." आम्हाला अभिमान वाटायचा. का वाटू नये?

माझं इंग्लिश दुकानापुरतं. इम्तियाजचं कामापुरतं, आणि ते पहाटे जे निघायचे ते ट्रॅफिकमधून अर्धमेले होऊन परत यायचे. त्यामुळे मेहर घराचं इंग्लिश झाली. बँकेचा फोन आला की "मेहर, बघ गं काय म्हणतात." घरमालकाच्या ऑफिसात गेलं की मेहर पुढे. शाळेत टीचरने बोलावलं, तर तिचीच तक्रार तीच मला कोकणीत समजावून सांगायची. बँक आणि घरमालक लाड करायला फोन करत नाहीत. त्या वर्षी इम्तियाजच्या कंपनीत माणसं कमी करत होते, आमच्या घराचं वातावरण तापलेलं होतं, आणि बाहेरची प्रत्येक वाईट गोष्ट आधी त्या मुलीच्या कानातून जायची, मग आमच्यापर्यंत यायची. हे मला आज दिसतं. तेव्हा वाटायचं, मुलगी हाताशी आली.

पोटात दुखतं

सुरुवात पोटात दुखण्याने झाली. रोज सकाळी, बसच्या वेळेला. लहान मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी केली, सिरप दिलं. पोट ठीक होतं. मग ती केस विंचरू देईना. डोक्यात गुंता झाला, तो मला शेवटी कात्रीने काढावा लागला. शाळेतून आली की युनिफॉर्मसकट झोपायची. चित्रं काढायची, ते बंद झालं. चिडायची मात्र फार. ताटात भाताजवळ आमटी आली म्हणून ताट ढकललं होतं एकदा.

शाळेतून टीचरचा फोन आला. त्या हिंदी बोलणाऱ्या होत्या हे नशीब. म्हणाल्या, "रिसेसमध्ये ती वॉशरूममध्ये जाऊन बसते. बेल वाजली की बाहेर येते." मी मेहरला विचारलं, "कुणी त्रास देतं का?" ती म्हणाली, "नो." "मग?" "नथिंग, अम्मी."

एका संध्याकाळी मी बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होते. आमचं घर नवव्या मजल्यावर. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, खाली रस्त्याकडे बघत. म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू बी हिअर."

एवढं इंग्लिश मला कळत होतं. मला वाटलं, तिला गावाची आठवण येतेय. मी म्हटलं, "मला तरी कुठे इथे राहायचंय, बाळा? सुट्टी लागली की जाऊ या आपाकडे. इन्शाल्ला." तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ओके," आणि आत गेली.

मी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

निदान

पोट तपासणाऱ्या त्या डॉक्टरांनीच शेवटी आम्हाला शारजाच्या एका दवाखान्यात पाठवलं. मुलांच्या मनाच्या डॉक्टर, जॉर्डनच्या बाई. इम्तियाजना रजा मिळाली नाही. मी आणि मेहर गेलो. नेहमीप्रमाणे तीच बोलणार होती.

डॉक्टर विचारायच्या, मेहर मला सांगायची. "ती विचारते मी जेवते का." "ती विचारते मी झोपते का." मग डॉक्टर मेहरशी हळू आवाजात बोलल्या. मेहर खाली मान घालून उत्तर देत होती. पुष्कळ बोलणं झालं. मग डॉक्टर माझ्याकडे वळून सावकाश काहीतरी बोलल्या, चांगलं पाच-सहा वाक्यांचं, आणि थांबल्या. मेहरने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ती म्हणते मी दमलेय. मला झोप पाहिजे."

"एवढंच?"

"हो. एवढंच."

डॉक्टरांना आमची भाषा येत नव्हती, पण त्यांचं बोलणं केवढं आणि मेहरचं केवढं, हे त्यांना कळलंच असणार. त्यांनी मेहरला विचारलं, "व्हॉट डिड यू टेल युअर मदर?" मेहर खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटली. मग त्या उठल्या, मेहरच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर खेळण्यांच्या खोलीत सोडून आल्या, आणि येताना एका केरळच्या सिस्टरना घेऊन आल्या. सिस्टर माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "दीदी, अब मैं बोलूँगी. बच्ची को डिप्रेशन है. और ये बात उसने आपको नहीं बताई, क्योंकि उसको लगा आप रोएँगी."

मी म्हटलं, "दहा वर्षांच्या मुलीला? तिला कसलं टेन्शन?"

सिस्टरनी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर जे म्हणाल्या ते सिस्टर थांबून थांबून मला सांगत होत्या. मेहरने कधीतरी मला सांगितलं होतं म्हणे, की तिला इथे असायचं नाही. मी म्हटलं, हो, सांगितलं होतं, तिला गावाला जायचं होतं.

सिस्टरनी माझा हात धरला. "नहीं दीदी. ‘इधर’ मतलब अजमान नहीं. ‘इधर’ मतलब... दुनिया में."

मला आठवतं, मी उठून उभी राहिले. कशासाठी ते माहीत नाही. सिस्टरनी मला परत बसवलं. मला फक्त ती संध्याकाळ दिसत होती, दोरी, चिमटे, आणि माझ्या बाजूला उभी असलेली माझी मुलगी. पाणी दिलं ते मी तसंच बाजूला ठेवलं.

डॉक्टरांनी त्या दिवशी एक गोष्ट बजावून सांगितली. आजपासून मेहरने घरातल्या कुणाहीसाठी दुभाष्याचं काम करायचं नाही. बँक असो, शाळा असो, दवाखाना असो. मोठ्यांनी मोठ्यांचं बघायचं.

कुलूप

इम्तियाज घरी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते बूट काढता काढता ऐकत होते. म्हणाले, "आपल्याकडे असलं काही नसतं. डॉक्टर लोकांचा धंदा आहे. तिला नमाज शिकव, मोबाईल काढून घे, ठीक होईल."

मी म्हटलं, "ती मरायचं म्हणतेय."

"दहा वर्षांच्या पोरीला मरण काय कळतं?"

आमचं मोठं भांडण झालं. शेजारची मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई दार उघडून बघून गेली. मी म्हटलं, तुम्हाला ती कधी आपली वाटलीच नाही. ते न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा हातात हार्डवेअरच्या दुकानाची पिशवी होती. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाल्कनीच्या दाराला कडी बसवली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या पाकिटात ठेवली. मग खिडक्यांना पट्ट्या ठोकायला लागले. स्क्रू त्यांच्या हातातून सारखे पडत होते. मी खाली बसून एकेक उचलून देत होते. त्या क्षणी आम्हा दोघांचा इतक्या वर्षांचा संसार केवढ्या भीतीवर येऊन उभा राहिलाय, ते मला कळलं. त्यानंतर कितीतरी महिने आमचे कपडे घरातच वाळत. घराला ओलसर वास यायचा. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचे, बाल्कनीत कबुतरं फार होतात.

मंगळवार

दर मंगळवारी शारजाला जायचं. मी नर्सरीतून अर्धा दिवस सुट्टी घ्यायचे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आयाच आया बसलेल्या असायच्या, फिलिपिनो, पाकिस्तानी, सुदानी, अरबी. प्रत्येकीच्या मांडीवर मुलाची स्कूलबॅग. कुणी कुणाशी बोलायचं नाही. एकदा एका सुदानी बाईने पर्समधून खजूर काढून माझ्या हातावर ठेवला आणि परत भिंतीकडे बघत बसली. त्या खजुराने मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या बोलण्याने दिला नसेल.

गोळ्यांविषयी मी लिहिणार नाही, ते डॉक्टरांचं काम. एवढंच सांगते, की ताप उतरतो तसा हा आजार उतरत नाही. एक दिवस ती टोस्ट मागून खाते, तुम्ही आनंदाने गावी फोन करता, आणि पुढचे चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. गावाकडचे विचारायचे, "पोरगी बरी झाली ना?" मी म्हणायचे, "हो, पोटाचंच होतं." डिप्रेशन हा शब्द मी आपाशिवाय कुणाला सांगितला नाही. आपाने आधी तो शब्द पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, "रुबिना, पाठव तिला माझ्याकडे." मला राग आला, आणि ती म्हणते ते बरोबर असेल तर, हा विचार रात्रभर जाईना.

इम्तियाज तीनेक महिन्यांनी पहिल्यांदा दवाखान्यात आले. डॉक्टरांनीच बोलावलं होतं. आम्ही तिघं, डॉक्टर आणि त्याच सिस्टर. डॉक्टर मेहरला म्हणाल्या, मला जे सांगितलंस ते अब्बांना सांगशील? मेहरने नको म्हणून मान हलवली. तुम्ही सांगा, अशी खूण केली. डॉक्टर बोलल्या आणि सिस्टर हिंदीत सांगू लागल्या.

"बच्ची बोलती है, मम्मी-पापा समझते हैं मैं उनकी कोकणी बातें सुनती नहीं. मैं सब सुनती हूँ. वो लोग मेरे सामने झगड़ा करते हैं, सोचते हैं मेरा ध्यान नहीं है." सिस्टर थांबल्या. इम्तियाजकडे न बघता म्हणाल्या, "पापा ने बोला था, इसको लाना ही नहीं चाहिए था."

मला ते भांडण आठवलं. इम्तियाज म्हणाले होते, हिला आणायलाच नको होतं, तिकडे किती हसायची. त्यातलं पुढचं वाक्य मेहरच्या कानावर गेलंच नव्हतं, किंवा गेलं असेल तरी पहिल्या वाक्याने तिचं सगळं ऐकणंच संपवलं असेल.

इम्तियाज खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले, मेहरच्या पायांजवळ. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यांच्या वडिलांच्या मय्यतलासुद्धा नाही. कोकणीत म्हणाले, "तू इथे हसत नव्हतीस गं. म्हणून बोललो. तू नकोस म्हणून नाही."

मेहर त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला नाही. डॉक्टर नंतर म्हणाल्या, घाई करू नका, तिने ऐकलंय. घरी जाताना गाडीत ती मागच्या सीटवर झोपली. इम्तियाज सिग्नलला आरशातून तिच्याकडे बघत होते, मागून हॉर्न वाजले तरी.

आपा येते, आपा जाते

मेहरला आपाकडे पाठवायचं का, हे आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तिलाच विचारा. मेहर म्हणाली, "तिकडे माझ्या सगळ्या फ्रेंड्सनी आता दुसऱ्या फ्रेंड्स केल्या असतील. इकडे माझ्या फ्रेंड्सच नाहीत." मग खांदे उडवून म्हणाली, "आय डोन्ट नो." अकराव्या वर्षी माझ्या मुलीला दोन घरं होती आणि जायला एकही नव्हतं.

शेवटी आपालाच बोलावलं, व्हिजिट व्हिसावर. आपाचा पहिलाच विमानप्रवास. शारजा एअरपोर्टवर ती बाहेर आली, हातात सुक्या मासळीची आणि फणसाच्या गऱ्यांची पिशवी. मला वाटलं मेहर धावत जाईल. ती जागची हलली नाही. आपाने तिला जवळ ओढलं नाही, फक्त म्हणाली, "उंच झालीस." आणि तिच्या बाजूने चालू लागली.

आपाने तिला काही विचारलं नाही, समजावलं नाही. ती स्वयंपाकघरात काम करायची, मेहर जवळच्या स्टुलावर येऊन बसायची. एका दुपारी आपाने सांदणं केली. मेहरने एक खाल्लं, मग दुसरं घेतलं. मी दारात उभी राहून बघत होते. आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, जळलेही. माझ्या हातचं तिने कधी आग्रहाशिवाय दुसऱ्यांदा घेतलं नव्हतं.

आपा हे ओळखून होती. एकदा कणीक मळता मळता म्हणाली, "रुबिना, मी तिला फक्त वाढवली. तिने वाट मात्र तुझी बघितली. दर शुक्रवारी तुझा फोन यायच्या आधी ती अंगणात जाऊन उभी राहायची, घरात रेंज नीट नाही म्हणून." हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

व्हिसा संपला, आपा निघाली. एअरपोर्टवर आपा आत गेली, काचेपलीकडे दिसेनाशी झाली, आणि मेहरच्या तोंडातून एक आवाज आला. माणसाचा वाटेना. ती खाली बसली आणि रडायला लागली. आजारी पडल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. "माय, माय" म्हणून हुंदके देत होती. लोक थांबून बघत होते. एक सिक्युरिटीवाला आला, "खलास, हबीबती, खलास," म्हणून तिला समजावू लागला. मी त्याला हाताने थांबवलं आणि मेहरजवळ फरशीवर बसले. तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. रडत ती आपासाठी होती. खांदा मात्र तिने माझा घेतला होता, आणि मी हलले नाही, पाय सुन्न झाले तरी.

अजून

त्यानंतर ती सुधारत गेली. पुन्हा चित्रं काढू लागली, शाळेत एक मैत्रीण झाली. मंगळवार महिन्यातून एकदा झाला. इम्तियाजनी जवळ, शारजाला काम शोधलं. हुद्दा खालचा आहे, पण संध्याकाळी घरी असतात. मला वाटलं, संपलं.

गेल्या हिवाळ्यात आजार परत आला.

मी सकाळी डबा भरत होते. मेहर युनिफॉर्ममध्ये स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, एका पायात मोजा, दुसरा हातात.

"अम्मी, ते परत आलंय."

मी गॅस बंद केला. "कधीपासून?"

"चार-पाच दिवस. मला वाटलं जाईल."

मला ओरडून रडावंसं वाटलं. इतकं सगळं करून परत पहिल्या पायरीवर? पण ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी ओट्याला पाठ लावून खाली बसले. ती माझ्याशेजारी बसली. खाली रस्त्यावर शाळेच्या बसने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि बस निघून गेली.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"थोडी. तू?"

"मीपण."

तिने हातातला मोजा मांडीवर ठेवला आणि तो बोटांनी सरळ करत राहिली.

"चहा घेशील?"

"हाफ कप."

मी तिला अर्धा कप चहा दिला आणि दवाखान्याला फोन लावला.